कप्तानाच्या दारचा खांब

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते सें-व्हिताल ह्या फ्रेंच गावातल्या लोकांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. आदल्या ऑगस्टात इंग्रजांच्या टोळ्यांनी गावातलं घर अन् घर पेटवलं. गव्हाला नुकतं सोनं चढत होतं, तेही पेटवलं. जंगलाकडे पळणाऱ्या दोघांना त्यांनी गाठलं आणि केसांसकट डोक्याची कातडी सोलून नेली. त्यातला एक अजून जिवंत होता. संध्याकाळपर्यंत ओरडत होता. सप्टेंबरात नदीपलीकडचं क्वेबेक शहर इंग्रजांच्या हाती पडलं. मग हिवाळाभर माणसं कोबी-सलगम साठवायच्या तळघरांतून उंदरांसारखी राहिली.

फेब्रुवारीत नदी गोठली तसे इंग्रज तिच्यावरून चालत आले. चर्च तेवढं शाबूत होतं. तिथे सगळ्यांना उभं करून त्यांनी शपथ घ्यायला लावली की इंग्लंडच्या राजाविरुद्ध हत्यार उचलणार नाही, आणि बंदुका मागितल्या. गावच्या लढवय्यांचा म्होरक्या, कप्तान अन्सेल्म गोद्रो, दारोदार फिरला, नऊ बंदुका घसरगाडीवर घालून त्याने आणून दिल्या, आणि बायबलवर हात ठेवून सांगितलं की गावात आता एकही उरली नाही. अन्सेल्म खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं तो खरंच बोलला.

आणि तरीही पहिल्या मेच्या सकाळी गावाने त्याच्या दारात मानाचा खांब आणला.

दार म्हणजे नावालाच. जळलेल्या घरातली दगडी चूल आणि धुराडं तेवढं उभं होतं, त्याला अर्ध्या जळक्या फळ्या टेकवून नवरा-बायको आत राहत होते. कप्तानाची बायको उर्सुल वाटाण्याचं सूप ढवळत होती, तेवढ्यात बाहेर बंदुकीचा बार झाला. तिच्या हातातला डाव सुपात पडला. पुन्हा आले, असं तिला वाटलं आणि तिने कोयता उचलला.

"कप्तानीणबाई, मारू नका, आम्ही आहोत!" बाझिल लपाज दारात उभा राहून खदाखदा हसत होता. शेजारचाच. तिच्या पोराचा, पिएरचा, धर्मबाप. त्याच्या मागे गावातले दहाजण, आणि त्यांच्या खांद्यांवर तीस हात लांबीचा सोललेला देवदार, शेंड्याला हिरवा झुपका ठेवलेला. दरवर्षी आणतात तसाच.

अन्सेल्म बाहेर आला. त्याने खांबाकडे पाहिलंच नाही, बाझिलच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं. मग दुसऱ्याच्या हातातल्या. मग तिसऱ्याच्या.

"ह्या कुठून आल्या?"

"आकाशातून पडल्या," बाझिल म्हणाला. "कप्तान, दारात खांब रोवायची परवानगी आहे का? रीतीप्रमाणे विचारतोय."

"बाझिल, मी बायबलवर हात ठेवलाय."

"तुम्ही खरंच बोललात. खोटं आम्ही बोललो, पाप आमच्या डोक्यावर. तुम्ही निवांत राहा! अहो, परवा तोफा ऐकल्या नाहीत का? आपल्या फौजेने इंग्रजांच्या त्या घागरेवाल्या शिपायांना बदडून पार क्वेबेकच्या तटाआड कोंडलंय. आठ दिवसांत फ्रान्सची जहाजं येतील. मग कसली शपथ आणि कसलं काय!"

अन्सेल्मचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण डोळे भरले होते. ज्या कप्तानाला घर नाही, गाय नाही, पोरगा नाही, त्याच्या दारात गावाने मान आणला होता. नाही म्हणणं त्याच्या जिभेवर आलं असावं, कारण त्याने उर्सुलकडे पाहिलं. आणि हीच ती वेळ, जी उर्सुल पुढे जन्मभर उगाळत बसली. तिला शेजाऱ्यांसमोर ताठ मानेने उभं राहून किती दिवस झाले होते!

"अहो, घ्या की," ती म्हणाली. "लोक ताटकळलेत. पिएर असता तर त्याने तुमच्या आधी बंदूक हिसकावली असती."

खांब रोवला. बाझिलने आपली बंदूक कप्तानाच्या हातात दिली आणि पहिला बार कप्तानाने काढला, नुसत्या दारूचा, गोळी न भरता, खांबाच्या अंगावर. मग सगळे तुटून पडले. जेवढा खांब काळा तेवढा कप्तानाचा मान मोठा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दोन तास धडाधड बार चालले. बुंध्यापासून दोन पुरुष उंचीपर्यंत खांब तव्यासारखा काळा झाला. उर्सुलने सूप वाढलं, खारवलेल्या डुकराचा जपून ठेवलेला शेवटचा तुकडा त्यात घातला, आणि कुणीतरी पुरून ठेवलेली ब्रँडी काढली.

दोन पेले पोटात गेल्यावर बाझिल तिच्या कानाशी आला. "वहिनी, बंदुका कोण राखतंय सांगू? तुमचा पिएरच."

पिएर सप्टेंबरच्या लढाईत पोटात गोळी घेऊन घरी आला होता आणि फेब्रुवारीत मेला होता. हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, कुदळ चालत नाही. म्हणून हिवाळ्यात मेलेल्यांच्या पेट्या चर्चमागच्या खोलीत ठेवतात आणि जमीन सुटली की पुरतात. त्या खोलीत, पिएरच्या पेटीखालच्या जमिनीच्या फळ्या उचकटून बाझिल आणि मंडळींनी बंदुका लपवल्या होत्या. उर्सुलला आधी वाटलं, ह्याच्या थोबाडीत द्यावी. मग तिला रडू आलं, आणि मग हसूही आलं. पोरगा मेल्यावरही कामाला येतोय, असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात आलं.

नवव्या दिवशी नदीत पहिलं जहाज आलं. ते इंग्रजांचं होतं. त्याच्यामागून आणखी आली, तीही त्यांचीच. फ्रान्सच्या राजाला आपण इथे राहतो हे आठवलंच नसावं. फ्रेंच फौज तोफा टाकून वर माँट्रियलकडे निघून गेली, आणि सें-व्हितालसारखी दक्षिण तीरावरची गावं उघड्यावर पडली.

"खांब तोडतो," अन्सेल्म म्हणाला. कुऱ्हाड घेऊन तो उठलाही.

"खबरदार," उर्सुल म्हणाली. "कप्तान जिवंत असताना त्याच्या दारचा खांब कुणी तोडलाय का आजवर? माझ्या दाराला कसलाही अपशकुन चालायचा नाही. आणि त्या घागरेवाल्यांना काय कळतंय? लाकूडच ते."

अन्सेल्मने कुऱ्हाड ठेवली. त्यालाही तो तोडवत नव्हता, खरं सांगायचं तर.

मे संपता संपता इंग्रजांचे चाळीस शिपाई आले. डोंगराळ मुलखातले, गुडघ्यापर्यंत लोकरी घागरा नेसणारे. त्यांचा अधिकारी तांबड्या केसांचा, चेहऱ्यावर ठिपके, आणि दैव असं की फ्रेंच अस्सल बोलणारा. हिवाळाभर तो शेजारच्याच गावात मुक्कामाला होता. त्याने घोड्यावरून उतरून खांबावर अंगठा घासला, वास घेतला, जिभेला लावला.

"किती बंदुका होत्या?"

"एकच," अन्सेल्म म्हणाला. "माझी. मी ती नदीत फेकली."

"एका बंदुकीने एवढा?" अधिकाऱ्याने काळा अंगठा त्याच्या तोंडासमोर धरला. "म्हातारबा, मी मागच्या वर्षी असा खांब पाहिलाय. ह्याच्या निम्मा काळा होता, आणि तो सहा बंदुकांनी केला होता."

अधिकाऱ्याने शिपायांकडे बघून नुसती मान हलवली. एका शिपायाने बंदुकीचा दस्ता अन्सेल्मच्या तोंडावर हाणला. दुसऱ्याने बरगड्यांत. तो पडला तशा लाथा बसल्या. उर्सुल मध्ये घुसली तर तिला केस धरून बाजूला फेकलं. मग अन्सेल्मला फरपटत जळक्या गोठ्यात नेलं, वरच्या तुळईवरून दोर टाकला, फास गळ्यात अडकवला आणि त्याला एका पिंपावर उभं केलं. उभा कसला, टाचा उचलून लोंबकळतच होता. नाकातोंडातलं रक्त दाढीवरून गळत होतं.

अधिकारी उर्सुलला म्हणाला, "मला बंदुका हव्यात. दुपारची घंटा व्हायच्या आत सगळ्या इथे आल्या तर तुमच्या नवऱ्याच्या गळ्यातला दोर मी स्वतः काढीन. नाही आल्या, तर पिंप काढीन."

उर्सुल धावत सुटली. आधी म्हाताऱ्या झाकारीकडे. त्याने कानांवर हात ठेवले, बंदूक म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. तिथून सुताराकडे. तो तळघरातून वरच आला नाही, बायको म्हणाली, "ते आजारी आहेत." तिसऱ्या घरी दार लोटून घेतलं. कालपर्यंत कप्तानकप्तान करणारी हीच माणसं! गरज सरो, वैद्य मरो. बाझिल मात्र दारात उभा होता, आणि त्याची बायको फेलिसिते तान्ह्याला पाजत मागे.

"बाझिल, चल. पेटी एकटीने सरकायची नाही."

"वहिनी, जरा विचार करा. बंदुका दिल्या म्हणजे शपथ मोडल्याची कबुली दिली. अकरा माना आहेत."

"तिकडे एक मान दोरात आहे."

"तो नुसता भीती घालतोय. कप्तानाला लटकवायची त्यांची छाती नाही. कप्तानाशिवाय त्यांना गाव हाकता येईल का?"

"तू बघून आलास का? त्याच्या दाढीवरून रक्त गळतंय, ते तू बघितलंस का?"

उर्सुलने त्याच्या भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि चर्चकडे निघाली.

खोलीत पाच पेट्या होत्या. जमीन सुटून महिना होऊन गेला होता, पण पुरायला कुणाला उसंत मिळाली होती? वास असह्य होता. तिने पिएरच्या पेटीखाली फावडं घालून जोर लावला. पेटी वीतभर सरकली आणि आत काहीतरी घरंगळलं. ते काय असेल याचा विचार न करता तिने पुन्हा जोर लावला.

मागून बाझिलने तिच्या कमरेला मिठी मारली. "नका करू, वहिनी. माझं पोर दोन महिन्यांचं आहे. तुमच्या पाया पडतो."

"सोड."

"नाही सोडत. एक कप्तान गेला तर—"

पुढचं त्याला बोलता आलं नाही. ती वळली आणि फावड्याचा सपाटा तिने त्याच्या तोंडावर बसवला. दात पडल्याचा आवाज आला. तो भिंतीवर आदळला, उठायला लागला, तेव्हा तिने दुसरा मारला, आणि हा धारेने बसला. गाल कानापर्यंत फाटला. तिसरा तिने उगारला होता. बाझिल दोन्ही हात डोक्यावर घेऊन रक्त थुंकत बसला होता आणि "पिएर, पिएर" असं काहीतरी बरळत होता. ते ऐकून तिचा हात खाली आला.

फळ्यांखाली अकरा बंदुका होत्या. तिने त्या अंगावरच्या शालीत बांधल्या आणि गठुडं चिखलातून ओढत नेलं. वाटेत कुणी हात लावला नाही. खिडक्यांच्या भोकांतून बघणारे डोळे मात्र तिला कळत होते. घंटेवाला दोराला हात घालतच होता तेव्हा ती गोठ्यापाशी पोचली आणि गठुडं अधिकाऱ्याच्या पायाशी टाकलं.

अधिकारी शब्दाचा पक्का निघाला, हे कबूल केलं पाहिजे. तो स्वतः पिंपाजवळ गेला, फास सैल केला आणि अन्सेल्मच्या डोक्यावरून काढून घेतला. अन्सेल्म गुडघ्यांवर कोसळला. उर्सुलने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढ्यासाठीच ती धावली होती, आणि तिला ते मिळालं होतं.

"आता," अधिकारी म्हणाला, "ह्या कुणाच्या?"

उर्सुलला आधी प्रश्नच समजला नाही. "तुम्ही सोडतो म्हणालात."

"कप्तानाला सोडलं. पण ह्या बंदुका लपवून कुणीतरी शपथ मोडली. त्याला शिक्षा झाल्याशिवाय मला परत जाता येत नाही. एक माणूस. जास्त नको." त्याने गावातले सगळे पुरुष गोळा करायला सांगितलं. शिपायांनी तळघरांतून एकेकाला बखोट धरून बाहेर काढलं. बाझिललाही आणलं, गालाला चिंधी दाबलेला. त्याच्या मागे फेलिसिते तान्ह्याला घेऊन आली.

प्रत्येक दस्त्यावर खूण कोरलेली होती. शिकारीत बंदुकांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिकडे सगळेच कोरतात. कुणाचा क्रूस, कुणाची कुऱ्हाड, कुणाचं हंसाचं पाऊल. गावातल्या प्रत्येकाला त्या पाठ होत्या. अधिकाऱ्यालाच तेवढ्या नव्हत्या.

अन्सेल्म उठला. उर्सुलच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, हे ती कधी विसरली नाही.

"सगळ्या माझ्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गावाच्या बंदुका कप्तानाकडे असतात. मीच लपवल्या. बायबलवर खोटं बोललो." आणि तो आपल्या पायांनी चालत गेला आणि पिंपावर चढायला लागला.

झाकारी जमिनीकडे बघत होता. सुतार टोपी चुरगाळत होता. दहा-अकरा बाप्ये उभे होते, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. उर्सुलला त्या क्षणी इंग्रजांचा राग आला नाही. इंग्रज परके होते. तिला राग आला तो ह्या टोप्यांचा, ह्या झुकलेल्या माना आणि गप्प तोंडांचा. आणि सगळ्यांत जास्त आला तो पिंपावर चढणाऱ्या माणसाचा.

अधिकारीही मूर्ख नव्हता. "बाई, हे खरं आहे?"

"उर्सुल," अन्सेल्म वरून म्हणाला, "घरी जा."

"घर कुठाय?" ती ओरडली.

ती ढिगाजवळ वाकली. वरच्या दोन बाजूला सारल्या आणि तिसरी उचलली. दस्त्यावर मासा कोरलेला होता.

"ही बाझिल लपाजची," ती म्हणाली. "लपवल्या त्याने. खांब आणला त्याने. ह्यांच्या हातात बंदूक दिली तीही त्यानेच. ह्यांना काही ठाऊक नव्हतं."

सगळं खरं होतं. एक शब्दही खोटा नव्हता.

फेलिसितेची किंकाळी ऐकून तान्हंही रडायला लागलं. बाझिल मात्र काहीच बोलला नाही, की फाटक्या तोंडाने त्याला बोलता आलं नाही, कुणास ठाऊक. त्याने उर्सुलकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू दारातून हाक मारली तर 'आलो' म्हणतो तशी. अन्सेल्म पिंपावरून उडी टाकून आला आणि शिपायांवर तुटून पडला. चौघांनी त्याला चिखलात दाबून धरलं, तोंड मातीत. त्याच पिंपावर, त्याच दोरात बाझिलला घातलं. त्याचं अंग हलकं होतं, हिवाळ्याने सगळ्यांचंच हलकं केलं होतं, त्यामुळे मान मोडली नाही. तो बराच वेळ पाय झाडत राहिला. गालावरची चिंधी सुटून पडली. फेलिसितेने तान्ह्याला जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या पायांना लोंबकळली, लवकर सुटावा म्हणून. शिपायांनी तिला ते करू दिलं.

मग त्यांनी बंदुका गाडीत टाकल्या, कुऱ्हाडीने खांब तोडला आणि गेले.

बाझिलची कबर अन्सेल्मने खणली. शेजारीच पिएरची खणली. उर्सुल भाकरी आणि सूप घेऊन गेली तेव्हा तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. मानेभोवती दोराचा जांभळा वळ होता.

"मला विचारलं होतंस?" वर न बघता तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतंत? दोर काढून घेतल्यावर परत त्यात मान घालायला निघालात, तेव्हा मला विचारलंत?"

"मी कप्तान होतो."

"आणि मी कोण होते?"

त्याने भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो बाझिलच्या शेतात दिसायला लागला. फेलिसिते पहिल्या दिवशी त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने तोंड पुसलं आणि नांगर धरला. तिसऱ्या दिवशी ती थुंकायची थांबली. तो तिच्या गोठ्यात निजायचा, तिच्या पोराला खांद्यावर घेऊन वाफ्यांतून हिंडायचा. वाटेत उर्सुल दिसली तर टोपी काढायचा, परक्या बाईला बघून काढतात तशी.

जूनमध्ये पाद्रीबाबा गावात परतले आणि लोक पापांची कबुली द्यायला रांगेत उभे राहिले. उर्सुल सगळ्यांच्या मागे होती. काखेत घोंगडी होती. पाद्रीबाबांसमोरच्या जाळीशी गुडघे टेकून तिने सगळं सांगितलं, फावड्यासकट.

"पश्चात्ताप होतो, मुली?"

"बाझिलसाठी रडते. रोज रडते. माझ्या पिएरच्या बाप्तिस्म्याला त्यानेच त्याला मांडीवर घेतलं होतं." तिने काखेतली घोंगडी हातात घेतली. "पण तुम्ही मला परत त्या गोठ्यासमोर उभी केलीत, तर मी परत त्याचंच नाव घेईन."

"मग मला क्षमा देता येत नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय, बाबा. ती मागायला मी आलेच नाही." तिने घोंगडी बाजूने आत सरकवली. "फेलिसितेच्या गोठ्याला एका बाजूची भिंत नाही. ह्यांच्या छातीत गारवा बसतो. माझ्या हातून घेत नाहीत, तुमच्या हातून घेतील. माझी आहे म्हणून सांगू नका."

पाद्रीबाबांनी घोंगडी घेतली आणि मांडीवर ठेवली.